चार नळ्या आणि पाचवा प्लग

१

पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ अर्धा झाला आणि नानांच्या काळ्या गाडीला पहिला आचका बसला. दुसऱ्या आचक्याला मागच्या सीटवरच्या आत्याबाईंचा चष्मा नाकावरून घसरून वरच्या ओठावर आला. तिसऱ्या आचक्याला पुढच्या सीटवरचा जावई खोकला.

तो खोकला सर्दीचा नव्हता. 'मी काही बोलत नाही, पण सर्वांनी नोंद घ्यावी' या जातीचा होता.

गाडी काही वरपर्यंत पोचली नाही. नानांनी ती वळणावर थांबवली, फिरवली आणि उतारावरून घरी आणली. उतारावर ती झकास चालली. उतारावर काय, कपाटही चालतं.

नाना आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आत्याबाई, दातांच्या डॉक्टर. दोघंही आता निवृत्त. नानांना बघून लोक आनंदाने रडायचे आणि आत्याबाईंना बघून नुसतेच रडायचे, एवढाच काय तो दोघांच्या कारकिर्दीतला फरक. निवृत्तीनंतर नानांनी घरामागच्या गॅरेजात दुसरा संसार थाटला होता. तिथे पाने उंचीप्रमाणे टांगलेले असत, फडके घडी करून ठेवलेले असत आणि नाना दिवसभर कुठलातरी नट घट्ट आहे की नाही हे बघत सुखात असत.

गेल्या महिन्यात त्यांच्या हातून चहाचा कप निसटला. कप फुटला नाही, पण बोभाटा झाला. 'नानांचे हात थरथरतात' हे वाक्य आधी जावई बोलला, मग लेक बोलली, मग ते वाक्य घरात मुक्कामालाच आलं. लेक आणि जावई वरच्या मजल्यावर राहत. जावयाने जागच्या जागी पळायचं यंत्र मागवलं होतं, आणि ते ठेवण्याजोगी सपाट फरशी साऱ्या घरात फक्त गॅरेजात होती. हात आणि फरशी या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं जावई दिवसातून अनेकदा सांगत असे.

शेवटी लेकीने तोडगा काढला. नानांनी गाडीचं ट्यूनअप एकट्याने करायचं, नवे स्पार्क प्लग घालायचे, आणि गाडीने टाकीचा चढ न अडखळता चढायचा. चढली, तर गॅरेज नानांचं आणि विषय कायमचा बंद. नाही चढली, तर गाडी यापुढे सर्व्हिस सेंटरला जाईल, हत्यारं माळ्यावर जातील आणि गॅरेजात यंत्र येईल. आजचा चढ ही तीच परीक्षा होती, आणि यंत्र उद्या सकाळी दारात येणार होतं.

नानांनी गाडी उभी केली, किल्ली काढली आणि जावयाच्या हातात दिली.

"घ्या," ते म्हणाले. "हात गेले माझे."

नाना कशाबद्दलही कुरकुर करत, पण हार मानत नसत. त्यामुळे ते वाक्य ऐकून जावईसुद्धा खोकायचा विसरला. नानांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, पदराला हात पुसत बसल्या. हात ओले नव्हते.

आत्याबाईंनी चष्मा जागेवर चढवला आणि जावयाच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"हात गेलेत की कुणी घालवलेत ते मला बघू दे," त्या म्हणाल्या. "इंजिन थंड होईपर्यंत कोणी त्याला शिवायचं नाही. आणि तोवर कोणी घराबाहेर जायचं नाही."

२

गरम इंजिनातून प्लग काढायचा नाही, हा नानांचाच नियम. धातू फुगलेला असतो, आटे उपटून निघतात. त्यामुळे चौकशीला दुपार मोकळी मिळाली.

आत्याबाईंची चौकशीची रीत साधी होती. उभा जन्म माणसं त्यांच्यासमोर तोंड उघडं ठेवून बसली होती, पण बोलता कुणालाच येत नव्हतं. न बोललेलं ऐकायची सवय त्यांना त्यामुळे लागली. पर्समध्ये कंगव्याशेजारी दात बघायचा छोटा आरसा अजून असे. सवयीची वस्तू टाकवत नाही.

स्वयंपाकघरात वहिनींनी चहा ओतला. वहिनी घरीच कपडे शिवून देत. अंबाड्यात कायम एक शिसपेन्सिल खोचलेली असे आणि खडूचं वडीएवढं खांड कमरेला. चहाच्या किटलीच्या झाकणावर एक उभी रेघ होती, किटलीच्या अंगावर दुसरी. दोन रेघा एका ओळीत आल्या की झाकण घट्ट बसे. साखरेच्या डब्याला तशाच रेघा, पिठाच्या डब्याला तशाच. जोडायच्या दोन कापडांवर शिंप्याने खूण करावी, तशा वहिनींनी घरभर खुणा केल्या होत्या. नानांच्या एका चपलेवरही एक होती, कोणती डावी हे कळायला. नानांना ते आधीपासून कळत होतं, पण त्यांनी कधी तसं सांगितलं नव्हतं.

"नाना, काय काय केलंस ते सांग बघू," आत्याबाई म्हणाल्या. "आणि मधेच 'जाऊ दे' म्हणायचं नाही."

"जाऊ दे गं," नाना म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन सांगू लागले. त्या विषयावर गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. "काल संध्याकाळी नव्या प्लगांचे गॅप मोजले. फीलर गेजची पातळ पट्टी टोकाच्या फटीत घातली, एकेक बरोबर केला आणि खोक्यात ठेवून दिले. सकाळी इंजिन थंडगार होतं. प्लगांच्या खड्ड्यांभोवतीची धूळ पंपाने उडवली. नाही उडवली तर प्लग काढला की सगळी माती आत. मग एका वेळी एकच वायर काढली. टोपी धरून, जरा पिळून. वायर ओढायची नाही. सगळ्या एकदम काढल्या तर कुठली कुठे लावायची याचा गोंधळ होतो."

"मग?"

"जुने प्लग काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवले. नवा प्लग रबराच्या नळीत धरून हाताने फिरवत आत घातला. पाना लावून सुरुवात करायची नाही. आटा वाकडा गेला तर हाताला कळतं, पान्याला कळत नाही. वॉशर टेकल्यावर मग पाना." नाना थांबले. "सगळं बरोबर केलं मी. तरी गाडी आचके देते. म्हणजे मला वाटतं तसं माझे हात करत नाहीत. दुसरा काय अर्थ?"

"तू एकटाच होतास?"

"समोरच्या घरातले बिनचूक दारात उभे होते. त्यांचाच टॉर्क पाना आणला होता ना, किती घट्ट झालं ते दाखवणारा. आणि ही शेजारी होती, एकेक प्लग हातात देत होती. नाहीतर एकटाच."

एकटं असण्याची ही व्याख्या आत्याबाईंनी मनात नोंदवून ठेवली. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायको गर्दीत धरत नाहीत.

"जावईबापू?"

"पहाटे खोलीची मापं घ्यायला आला होता म्हणे. मी तेव्हा आंघोळीला होतो."

वहिनींनी लगेच किटली उचलली. "वन्सं, आणखी चहा?" त्यांनी विचारलं.

३

गॅरेजात पहिली गोष्ट दिसली ती जुन्या प्लगांची. ट्रेमध्ये चारही ओळीने उभे, टोकांचा रंग फिकट बिस्किटासारखा. आत्याबाईंनी त्यांच्याकडे निगुतीने काढलेल्या दाढा बघाव्यात तसं पाहिलं आणि मान डोलावली. निरोगी तोंड होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे रबराच्या नळ्या. नाना वर्षानुवर्षं एकच नळी वापरत. ती खिळ्याला टांगलेली होती, जुनी, तेलकट, कडक झालेली. पण फडक्यावर चार नव्या नळ्या पडल्या होत्या, बोटाएवढ्या, एकाच लांब नळीतून कापलेल्या. आत्याबाईंनी एक उचलून डोळ्यांजवळ धरली. कापलेल्या कडेला बारीक बारीक दाते होते, सशाने गाजर कुरतडावं तसे.

दात्यांच्या बाबतीत आत्याबाईंचं चुकत नसे. त्यांनी ती नळी पर्समध्ये टाकली.

तिसरी गोष्ट नव्या प्लगांची खोकी. नाना नेहमी एक जास्तीचा प्लग आणत, म्हणून बाकावर पाच खोकी होती. चार रिकामी असणं रास्त होतं. आत्याबाईंनी पाचवं उघडलं. ते इतरांपेक्षा नीट बंद केलेलं होतं, एक कोपरा चेमटलेला होता, आणि आत कापसाचा बोळा होता.

प्लग नव्हता.

नानांचा आणखी एक नियम होता, तो घरातल्या मांजरालाही पाठ होता. जमिनीवर पडलेला प्लग इंजिनात जाणार नाही. वरून धडधाकट दिसतो, पण पांढऱ्या चिनीमातीला आतून केसाएवढी चीर जाते, आणि ती चीर नेमकी चढावर बोलते.

आत्याबाईंनी बोळ्याचा वास घेतला. त्याला पळायच्या बुटांचा वास येत होता.

४

"जावईबापू, जरा तोंड उघडा," आत्याबाई म्हणाल्या.

जावई जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याने घाबरून खरंच तोंड उघडलं.

"बोलायला म्हणते आहे मी. पाचवा प्लग कुठे आहे?"

जावयाने आधी खोकून पाहिलं. आत्याबाई वाट बघत राहिल्या. पेशंटचं तोंड दुखेपर्यंत वाट बघायची त्यांना सवय होती. लेक मागे येऊन उभी राहिली, हातांची घडी घालून.

"बुटात," जावई शेवटी म्हणाला.

"बुटात?"

"डाव्या. वर कपाटात आहे. आत्या, मी मुद्दाम नाही हो पाडला. मापाची टेप सोडली, ती सपकन गुंडाळत परत आली आणि खोक्यांवर बसली. एक खाली पडलं. मला नानांचा नियम माहीत आहे. म्हणून तो प्लग वर नेऊन बुटात लपवला, बुटातला कापसाचा बोळा खोक्यात भरला आणि खोकं परत होतं तसं ठेवलं. जास्तीचाच होता ना तो. मला वाटलं, त्यांना लागणार नाही."

"आणि सांगितलं का नाहीस?" लेकीने विचारलं.

"काय सांगू? गॅरेजात मापं घेत होतो, निकाल लागायच्या आधीच, असं सांगू?"

लेकीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं पळायचं यंत्र त्याला आत्ताच उपयोगी पडलं असतं. पण आत्याबाईंच्या मनातला एक खण मात्र रिकामा झाला. पडलेला प्लग बुटात होता, म्हणजे इंजिनात नव्हता. हा माणूस लपवाछपवीत दोषी होता आणि आचक्यांच्या बाबतीत निर्दोष. प्रामाणिकपणाने खोटं वागणारी माणसं आत्याबाईंना नवी नव्हती. रोज दोनदा दात घासतो असं सांगणारे सगळे त्याच पंथाचे.

"मग कुणी केलं?" जावयाने विचारलं. त्याच्या आवाजात खरी काळजी होती. आत्याबाईंना जरा आश्चर्यच वाटलं.

"तुला का रे एवढं?"

"नाना मघाशी म्हणाले ना, हात गेले," जावई बोटांकडे बघत म्हणाला. "मला फरशी हवी होती, आत्या. त्यांचे हात नको होते."

५

उरले बिनचूक. ते निवृत्त ऑडिटर. खरं नाव काहीतरी होतं, पण बारशाला गेलेले लोकही आता त्यांना बिनचूकच म्हणत. नानांच्या गाडीसारखीच गाडी त्यांच्याकडे होती आणि कुणाची जास्त नीट ठेवलेली, यावर दोघांत जुनी शीतयुद्धं चालत. पाना त्यांचा. पानाच चुकीचा असला तर?

बिनचूक बोलावल्याबरोबर आले. पान्याची पेटी बगलेत होती.

"माझ्या पान्याविषयी शंका घेतली जात आहे असं ऐकलं," ते म्हणाले.

"भिंतींना कान आहेत तर तुमच्या."

"खिडकी उघडी होती. पाना बरोबर आहे. नानांनी वापरताना मी स्वतः इथे उभा होतो. हात मागे बांधून. दोन वेळा मी त्यांना चूक दाखवायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ती केली नाही. फार निराशा झाली."

इंजिन आता थंड झालं होतं. नाना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि बोनेट उघडायचं नाव घेत नव्हते. आत्याबाईंनी प्लग पाना बिनचूकांपुढे धरला.

"शेवटचा काढा. आधी टोपी. पिळून हं. वायर ओढायची नाही."

"मला माहीत आहे," बिनचूक दुखावून म्हणाले.

टोपी निघाली. प्लग खोल विहिरीसारख्या खड्ड्यात होता. वरून नुसता काळोख दिसे. आत्याबाईंनी पर्समधला छोटा आरसा काढला, बॅटरी पेटवली आणि अक्कलदाढ तपासावी तशा वाकून पाहू लागल्या. बराच वेळ त्या तशाच होत्या. मग बाजूला झाल्या आणि बिनचूकांनी प्लग काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

खालचं वॉशर सगळीकडून सारखं दबलं होतं. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. आटे स्वच्छ. गॅप गेज घालून पाहिला तर नेमका. लिफ्टचा दोर बांधणाऱ्या हातांचं ते काम होतं, आणि ते हात कुठेही गेले नव्हते.

आत्याबाईंनी प्लग उलटा केला. वरची पांढरी चिनीमाती त्यांनी पाहिली आणि मूठ मिटली.

"काय दिसलं?" बिनचूकांनी मान लांब करून विचारलं.

"कीड," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांना गुन्हेगार कळला होता. आणि या घरातला हा एकच माणूस गुन्हेगार निघाला नसता तर फार बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

६

गॅरेजात सगळे जमले. नानांना लेकीने हाताला धरून आणून स्टुलावर बसवलं. जावई बुटासकट हजर होता. वहिनी दाराशी उभ्या होत्या. बिनचूकांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना कुणी घरीही पाठवलं नव्हतं, आणि ऑडिटच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

"पाचवा प्लग जावईबापूंनी पाडला आणि लपवला," आत्याबाईंनी सुरुवात केली. "म्हणून तो गाडीत नाही, म्हणून त्याचा यात हात नाही. पाना बरोबर आहे. वॉशर सारखं दबलं आहे, गॅप चोख आहे. नाना, तुझे हात माझ्यापेक्षा बरे आहेत. एवढं सगळ्यांना ऐकू गेलं?"

नानांनी पहिल्यांदा मान वर केली.

"मग आचके कशाचे?" जावई.

"वीज आळशी असते, असं नानाच सांगतो. प्लगच्या टोकाशी गॅपवरून उडी मारायची तिच्या जिवावर येते. पण दुसरा रस्ता नसतो, म्हणून बिचारी मारते. चढावर इंजिनात दाब वाढतो आणि उडी आणखी अवघड होते. अशा वेळी बाहेरच्या बाजूने तिला आयती पायवाट मिळाली तर?" आत्याबाईंनी मूठ उघडली. "चारही प्लगांवर वरपासून धातूपर्यंत पायवाट असणार. हा चौथा. याच्यावर चार आहेत, आणि त्यातली एक जळून काळी पडली आहे. गाडी सपाटीवर गप्प होती ती त्यामुळे, आणि चढावर बोलली तीही त्यामुळे."

"नानांना दिसली कशी नाही?" लेकीने विचारलं.

"दिसू दिली नाही. नाना एकच नळी वापरतो. एक नळी असती तर दर वेळी नवा प्लग त्याने स्वतः नळीत घातला असता आणि पांढरी चिनीमाती बघितली असती. आज नळ्या चार होत्या. प्रत्येक प्लग झाकूनच त्याच्या हातात आला. खड्ड्यात बसल्यावर नळी निघाली, खाली काळोख. मग पाना, मग टोपी. तो भाग त्याने पाहिलाच नाही." आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला. "हे कुणी केलं ते मला ठाऊक आहे. पण माझं काम झालं. हात शाबूत आहेत, गॅरेज नानाचं आहे. नाव मी सांगणार नाही."

"असं कसं?" बिनचूक म्हणाले. "अहवाल अपुरा राहतो."

"राहू दे."

दाराशी हालचाल झाली. वहिनींचा हात अंबाड्याकडे गेला होता. त्यांनी पेन्सिल काढली आणि तिच्याकडे अशा बघू लागल्या, जणू ती त्यांना चावली होती.

"पेन्सिलीतून वीज जाते, वन्सं?" त्यांनी हळूच विचारलं.

नाना वळून बसले.

"पांढऱ्यावर खडू दिसेना," वहिनी म्हणाल्या. "म्हणून पेन्सिलीने खुणा केल्या. पहिल्याला एक रेघ, दुसऱ्याला दोन. वरपासून खालपर्यंत ओढल्या, जोडाची खूण ओढतो तशी. काल तुम्ही एकेकाचं माप घेत होतात ना. मला वाटलं, ज्याचं माप त्याच्याच जागी जायला हवं. एकाचं पोलकं दुसरीला होतं का? आणि ही मंडळी टपलेलीच होती, कुठे अदलाबदल होते का बघायला."

"अगं, नवे प्लग चारही सारखेच असतात," नाना म्हणाले.

"ते आता कळलं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? तुमचा मला भरवसा वाटत नाही, असं?" वहिनींचा आवाज बारीक झाला. "भरवसा होता हो. पण तो कप पडला त्या दिवशी तुम्ही तो उचलून किती वेळ हाताकडे बघत बसलात. ते मी पाहिलं. म्हटलं, तुम्हाला कळूही नये आणि चूकही होऊ नये. म्हणून नळ्या कापल्या."

आत्याबाईंनी पर्समधून नळी काढून नानांच्या हातात दिली. नानांनी कडेवरून बोट फिरवलं. दात्यांवरून.

"ही तुझ्या दातेरी कात्रीने कापलीस?" त्यांनी विचारलं.

घरात सगळ्यांना त्या कात्रीची कथा ठाऊक होती. लेकीने लहानपणी त्या कात्रीने एकदा कागद कापला होता, तर वहिनी दोन दिवस जेवताना बोलल्या नव्हत्या. कापडाशिवाय त्या कात्रीपुढे काही येत नसे.

"दुसरी सापडेना," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांना माहीत होतं की दुसऱ्या कात्र्या शिवणयंत्राच्या खणात ओळीने असतात, खुणा केलेल्या.

नाना बराच वेळ नळी बोटांत फिरवत राहिले. मग स्टुलावरून उठले.

"बिनचूक, तुमच्याकडे नवे प्लग आहेत ना?"

"आहेत. बंद खोक्यातले. माझ्या गाडीला इतक्यात गरज नाही, हे सर्वांनी ऐकावं," बिनचूक म्हणाले आणि जवळजवळ धावत गेले.

७

या वेळी गॅप मोजताना सगळे बघत होते. नानांनी बाकीचे तीन प्लगही काढले, टोप्या आतून स्पिरिटने पुसल्या, फुंकर घातली, पुन्हा पुसल्या. मग नवा प्लग दातेरी कडेच्या नळीत बसवला. जुनी नळी खिळ्यालाच राहिली. नळी दोन बोटांत धरून ते प्लग फिरवू लागले. एकदा हात थांबला, उलटा फिरला, पुन्हा सुलटा. आटा बरोबर लागला तसं त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते जावयाने पाहिलं, आणि तो नजर वळवून मापाची टेप खिशात खोल ढकलू लागला.

चारही प्लग बसल्यावर नानांनी वहिनींना हाक मारली.

"इकडे ये. खडू आण."

"आता नको हो. पुरे झालं माझं."

"आण म्हणतो ना. पांढऱ्यावर काळं नको. काळ्यावर पांढरं चालतं." नानांनी वायरींच्या काळ्या रबरी टोप्या पुढे धरल्या. "प्लग सारखे असतात, पण वायरी सारख्या नसतात. कुठली कुठे जाते ते चुकलं की खरंच गोंधळ. टोपीवर एक रेघ, तिच्या खड्ड्याशेजारी एक. दुसरीला दोन. वर, बाहेरून. तुझ्या किटलीसारखं."

वहिनींनी खडू काढला. आधी बाजूच्या काळ्या रबरावर छोटी रेघ ओढून पाहिली. छान उठून दिसली. मग त्या वाकल्या आणि कापड बेतावं तशा एकेक खूण करत गेल्या. बिनचूकांनी पुढे होऊन पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि निराश होऊन मिटलं. मग वहिनींनी खडूने भरलेल्या हाताने बोनेट दाबून बंद केलं.

गाडी टाकीच्या चढाला लागली. वळण आलं. मघाशी गाडी जिथे थांबली होती तिथे रस्त्याच्या कडेला एक दगड होता. तो मागे गेला. नानांचे हात चाकावर घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी होते, आणि एका हाताच्या नखात खडू होता. गाडी वर पोचली तेव्हा आत्याबाईंनी नाक चाचपलं. चष्मा होता तिथेच होता.

जावई खोकला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"खडूची धूळ गेली हो घशात," तो म्हणाला. "यंत्र मी वरच्या व्हरांड्यात ठेवतो. फरशी जरा उतरती आहे, पण खाली काहीतरी सरकवलं की झालं."

"किती सरकवायचं त्याची खूण करून देईन," वहिनी मागून म्हणाल्या.

टाकीपाशी सगळे उतरले. संध्याकाळचं ऊन गाडीवर तिरपं पडलं होतं आणि काळ्या बोनेटवर एका तळव्याचा पांढरा ठसा स्पष्ट उमटला होता, पाच बोटांसकट. वर्षानुवर्षं घरातल्या टॉवेलांवर नानांच्या काळ्या बोटांचे ठसे सापडत आले होते आणि त्यावरून व्हायची ती सगळी भांडणं होऊन गेली होती. वहिनींनी लगबगीने पदराचं टोक हातात घेतलं.

"राहू दे," नाना म्हणाले.

"अहो, गाडी घाण दिसते."

"दिसू दे," नाना म्हणाले, आणि ठशाला धक्का लागू नये अशा बेताने त्याच्या शेजारी टेकून उभे राहिले.